पांढरा सदरा मळकट का येतो?

वारीतला पांढराशुभ्र सदरा फोटोत मळकट येतो आणि गोठ्यातली काळीभोर म्हैस राखाडी. कॅमेरा बिघडलेला नसतो. समोर सदरा आहे की म्हैस, हे साध्या प्रकाशमापकाला कळत नाही. तो सगळंच मध्यम करड्या छटेवर आणू पाहतो. म्हणून चौकट पांढऱ्याने भरली असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करायचं, काळ्याने भरली असेल तर −१. बऱ्याच मोबाइलमध्ये पडद्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह वरखाली सरकवलं की हेच होतं.

मात्र उजेड वाढवताना हात जरा आखडता ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. सदऱ्याची घडी २५५ला टेकली की तिथली वीण गेलीच. मग एडिटिंगमध्ये ‘हायलाइट्स’ कितीही खाली ओढा, हाती लागतो तो सपाट करडा डाग. १४ बिटच्या रॉ फाइलीत पायऱ्या १६,३८४. तिथे सावरायला बरीच जागा असते, पण तीही अमर्याद नव्हे. त्यामुळे हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटलेला नाही ना, हे फोटो काढतानाच बघावं. फिल्टरचं नंतर बघू. माझ्या मते तर ते नसले तरी चालतं.