नागीण कुठून येते?

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, की आपण म्हणतो, गेला आजार. पण तो पुरता जात नाही बरं का! त्याचे विषाणू पाठीच्या कण्याजवळ नसांच्या मुळाशी दडून बसतात. चाळीस-पन्नास वर्षं गप्प! रक्तातल्या पांढऱ्या पेशी राखण करतात, तोवर त्यांचं काही चालत नाही.

वय झालं, मोठं दुखणं आलं, की राखण ढिली पडते. सततची काळजीही वाईटच. तिच्यानं मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतला एक रस रक्तात जास्त उतरतो. तो राखणदारांना मंद करतो. मग विषाणू जागे होतात अन् नसेच्या वाटेनं कातडीवर येतात. आधी आग, मग अंगाच्या एका बाजूला फोडांचा पट्टा. हीच नागीण.

तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो म्हणतात. ते खोटं. नस एका बाजूची, म्हणून पट्टा बहुधा मध्यावरच थांबतो. गेरू लावण्यात मात्र दिवस जातात. मीही चार दिवस तसेच घालवले; फोड सुकले, पण बरगडीतली कळ वर्षभर राहिली. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांचं औषध सुरू झालं, तर गुण जास्त येतो. डोळ्याजवळ फोड आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. नजर जाऊ शकते. अन् फोडांवर खपली धरेपर्यंत, कांजिण्या न आलेली नातवंडं जवळ घेऊ नका.