चाकाचे नट : घट्टपणाचे शास्त्र

मोटारीचे चाक बदलताना बहुतेक जण एकच नियम पाळतात : पान्यावर शक्य तितका जोर द्यावा आणि नट हलेनासा झाला म्हणजे काम पुरे झाले असे मानावे. काही जण तर पान्यावर पाय देऊन उभे राहतात. ‘जितके घट्ट तितके सुरक्षित’ ही समजूत इतकी रुजलेली आहे की, तिच्यात काही चूक असेल अशी शंकाही कोणास येत नाही. वस्तुतः सैल नटाप्रमाणेच अतिघट्ट नटही धोक्याचा असतो. त्याचे कारण शालेय पदार्थविज्ञानातच सापडते.

नट ज्या आटे पाडलेल्या पोलादी दांड्यावर बसतो त्यास स्टड म्हणतात. नट पिळला की स्टड किंचित ताणला जातो. रॉबर्ट हूक याने १६७८ साली मांडलेल्या नियमानुसार, ताणलेला पदार्थ ताणाच्या प्रमाणात मागे खेचतो. म्हणजे स्टड ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच होय. ती चाकाला हबवर दाबून धरते आणि या दाबामुळे उत्पन्न होणारे घर्षण चाकाला सरकू देत नाही. १२ मिलिमीटर व्यासाच्या स्टडवरील नट १०० न्यूटन-मीटर इतका पिळला, तर हा दाब सुमारे ४ टन वजनाइतका भरतो.

नट सैल राहिल्यास चाक हबवर सूक्ष्म सरकू लागते, प्रत्येक फेऱ्यात स्टडला बाक बसतो आणि अखेर तो तुटतो. उलट, मर्यादेबाहेर पिळल्यास स्टड स्थितिस्थापकतेची सीमा ओलांडून कायमचा लांबतो व त्याची पकड जाते. जोर कमीअधिक पडला तर ब्रेकची तबकडीही वाकडी होऊ शकते.

बहुतेक मोटारींसाठी योग्य माप ८० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेला असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे ४० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशी सुमारे २५ किलो वजनाचा जोर. हा जोर मोजणारा टॉर्क रेंच वापरणे सर्वांत उत्तम.

आट्यांना तेल अथवा ग्रीस लावणे हिताचे नाही. पिळण्याच्या श्रमापैकी सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच खर्च होतो आणि एक-दशांश भागच स्टड ताणण्यास उरतो. तेलाने घर्षण घटले की त्याच मापात स्टड वाजवीपेक्षा फार अधिक ताणला जातो. म्हणून उत्पादकाने सांगितले नसेल तर आटे केवळ ब्रशाने स्वच्छ व कोरडे करावेत.

नट प्रथम बोटांनी फिरवून बसवावा. त्याची निमुळती बाजू चाकाकडे असावी. चार नट असल्यास समोरासमोरचे, पाच असल्यास एकाआड एक, असे दोन-तीन फेऱ्यांत पिळावेत. जॅक उतरवून टायर जमिनीला टेकल्यावर अखेरचे माप द्यावे. चाक व हब यांमधील धूळ किंवा रंगाचा थर दबून ताण कमी होतो. यास्तव ५० ते १०० किलोमीटर प्रवासानंतर नट पुन्हा तपासणे अगत्याचे आहे.

बेळगावहून चोर्ला घाट उतरणाऱ्या मोटारीतील माणसे प्रत्येक वळणावर याच चार-पाच स्टडांवर विसंबून असतात. त्यांना ते दिसत नाहीत. ज्याने पाना हाती घेतला त्याने मनगटातील बळापेक्षा मापाचा मान राखावा, हेच त्या विश्वासाला साजेसे होय.