दोन वसावे, एक फोन
वहीतून संगणकात : भाग ७

मागच्या आठवड्यात ग्राहकांची यादी वहीतून सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणली. आता काही माणसं तीत दोन-तीनदा दिसत असतील. त्या नोंदी एक करणारं ‘मर्ज’चं बटण दाबायची घाई करू नका. नोंद दुहेरी होते कशी, ते आधी पाहू.

शहाद्यातलं एखादं बियाण्याचं दुकान घ्या. ‘वसावे’ इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला कुणी व्ही घालतो, कुणी डब्ल्यू. उच्चारावरून नावं जुळवणारी साउंडेक्स नावाची पद्धत आहे. तिचं मूळ १९१८च्या एका अमेरिकी पेटंटात. ती पहिलं अक्षर तसंच ठेवते आणि पुढच्या व्यंजनांना आकडे देते. त्यामुळे एक वसावे होतात ‘व्ही २१०’, दुसरे ‘डब्ल्यू २१०’. आकडे तेच, तरी तिच्या लेखी माणसं दोन. वळवींचीही हीच गत. पत्त्याचा घोळ वेगळाच. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा झाला, पण जुन्या वहीतून उतरवलेल्या पत्त्यात अजून ‘जि. धुळे’ असतं.

याच्या उलट चूक मात्र फार महाग पडते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर पाडवी, वसावे, वळवी, पावरा अशी मोजकीच आडनावं पुन्हा पुन्हा भेटतात. घरात फोन एकच असला, तर बाप, मुलगा, कधी शेजारीही तोच नंबर सांगतो. आडनाव तेच, गाव तेच, नंबर तोच. सॉफ्टवेअर म्हणतं, करा एक. केलंत, की बापाची उधारी मुलाच्या खात्यावर. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा सुट्या करता येत नाहीत. एक माणूस यादीत दोनदा राहिला, तर एक मेसेज जास्त जातो, एवढंच. म्हणून शंका असेल तिथे नोंदी वेगळ्याच ठेवा, असं मी ठामपणे सांगेन.

हाच प्रश्न अख्ख्या देशापुढे होता, आणि त्याच्या उत्तराची सुरुवात शहादा तालुक्यातूनच झाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभलीत पहिली आधार क्रमांकांची पत्रं दिली गेली. तिथे नावावर भिस्त नाही. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. दुकानदाराकडे ते यंत्र नाही, आणि बियाण्याच्या पिशवीसाठी त्याने आधार क्रमांक मागूही नये. त्याला वडिलांचं नाव आणि पाडा विचारता येतो. माझ्या मते हे दोन रकाने फोनपेक्षा भरवशाचे.

दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत अशी खात्री पटली, की आधी सगळ्या यादीची एक प्रत बाजूला काढून ठेवा. मग मुख्य नोंद ठरवा. फोन शेवटच्या बिलावरचा घ्या, जुना नंबर ‘दुसरा फोन’मध्ये ठेवा, पत्त्यातला जिल्हा सुधारा. दोन्हीकडची बिलं आणि येणं एका खात्यात आलं का, ते बेरीज करून बघा. डब्ल्यूचं स्पेलिंग पुसू नका, ‘इतर नाव’ म्हणून राहू द्या. पुढच्या हंगामात काउंटरवरचा नवा मुलगा त्याच स्पेलिंगने शोधणार आहे.