उद्ध्वस्त शहरांचा हिशेब

२७ जुलै १९४३. हॅम्बुर्गमध्ये हवा कोरडी होती आणि उकाडा असह्य. मध्यरात्रीनंतर सातशेहून अधिक ब्रिटिश विमाने शहराच्या पूर्वेकडील दाट कामगारवस्त्यांवर आली. मोठ्या स्फोटक बॉम्बनी छपरे आणि खिडक्या उडवल्या, तर आगलाव्या बॉम्बनी उघडे पडलेले लाकडी माळे पेटवले. शेकडो आगी एकमेकींत मिसळून एकच आग झाली. तापलेली हवा वर झेपावू लागली, तशी चहूबाजूंची हवा वादळाच्या वेगाने आत ओढली गेली. रस्त्यांवरचे डांबर वितळले. तळघरांत आसरा घेतलेली हजारो माणसे ज्वाळा न पोचताही कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून मेली. त्या सुमारास दहा दिवस चाललेल्या हल्ल्यांमध्ये हॅम्बुर्गने किमान ३४ हजार माणसे गमावली. सुमारे नऊ लाख लोक शहर सोडून गेले.

शहरांवर बॉम्ब टाकण्याची वाट दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनेच दाखवली होती. १९३९ मध्ये वॉर्सा, १९४० मध्ये रॉटरडॅम आणि कॉव्हेंट्री जर्मन विमानांनी भाजून काढले. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटनने नागरी वस्त्यांवरचे हल्ले हे अधिकृत धोरण केले आणि हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस यांनी ते निष्ठुरपणे राबवले. युद्ध संपेपर्यंत जर्मनीत बॉम्बहल्ल्यांनी मेलेल्यांची संख्या चार ते सहा लाखांच्या घरात गेली. पहिल्या गुन्ह्याने दुसरा न्याय्य ठरत नाही आणि दुसऱ्याने पहिला धुतलाही जात नाही.

राडारोडा आणि कर्ज

मागे उरला सुमारे ४० कोटी घनमीटर राडारोडा. तो वाहायला रस्त्यांवर छोटे रूळ टाकले गेले. श्टुटगार्टची बिर्केनकोप्फ टेकडी या ढिगाऱ्याने सुमारे ४० मीटरने उंचावली. बादल्यांची रांग लावून विटा उचलणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे जगभर गेली. त्यांचे कष्ट खरेच होते. पण बहुतांश ढिगारा कंपन्यांनी यंत्रांनी हलवला आणि युद्ध चालू असताना तो कैद्यांकडून उपसून घेतला गेला होता, हे त्या छायाचित्रांत दिसत नाही.

पैसा कुठून आला? अमेरिकी मदतीच्या मार्शल योजनेचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. मला त्याहून मोलाचा वाटतो तो पश्चिम जर्मनीचा १९५२ चा भार-वाटणीचा कायदा. ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली, त्यांनी तिच्या १९४८ मधील किमतीच्या निम्मी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांत भरायची होती. तो पैसा बेघर झालेल्यांना आणि पूर्वेकडून हाकलल्या गेलेल्या निर्वासितांना मिळायचा. शेजाऱ्याचे घर पडले आणि माझे राहिले, यात माझे कर्तृत्व काही नाही, हे या कायद्याने मान्य केले.

काय परत बांधायचे?

शहरांनी उत्तरे वेगवेगळी दिली. हानोव्हरचे नगररचनाकार रुडॉल्फ हिलेब्रेश्ट यांनी मोटारींसाठी रुंद रस्ते काढले. म्युन्स्टरने प्रिन्झिपालमार्क्ट हा जुना बाजाररस्ता त्याच अरुंद भूखंडांवर, त्याच त्रिकोणी शिखरांच्या घरांनी पुन्हा उभा केला. बर्लिनने कैसर विल्हेल्म चर्चचा फुटका मनोरा तसाच ठेवून १९६१ मध्ये शेजारी नवे चर्च बांधले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये जळालेल्या ड्रेस्डेनचा प्रवास सर्वांत लांबचा. तिथले फ्राउएनकिर्शे हे चर्च कोसळले आणि पूर्व जर्मनीच्या काळात ढिगारा म्हणूनच पडून राहिले. जर्मन एकीकरणाच्या वर्षी नागरिकांनी जगाला मदतीचे आवाहन केले. २००५ मध्ये चर्च पूर्ण झाले तेव्हा हजारो काळवंडलेले जुने दगड नव्या फिकट दगडांत बसवलेले होते. घुमटावरचा क्रूस घडवणाऱ्या लंडनच्या सोनाराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी एक होते.

याच शहराने आणखी एक अवघड काम केले. नाझी प्रचाराने पसरवलेला दोन लाख मृतांचा आकडा दशकानुदशके फिरत होता. शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये सांगितले, मृतांची संख्या फार तर २५ हजार. फुगवलेल्या आकड्यावर राजकारण करणाऱ्यांना हे रुचले नाही, पण मेलेल्यांचा खरा आदर याच प्रामाणिकपणात आहे.

युद्धाचे अवशेष उपसण्याचे काम आजही संपलेले नाही. ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस फ्रँकफुर्टमध्ये एक ब्रिटिश बॉम्ब सापडला आणि तो निकामी करण्यासाठी सुमारे ६० हजार लोकांना घरे सोडावी लागली.

म्हणूनच 'जर्मनी बघा, कशी उभी राहिली' असे सांगून आजच्या बॉम्बहल्ल्यांना कुणी हलके करू नये. जिथे आज शहरे पाडली जात आहेत, तिथल्या पुनर्बांधणीचे आराखडे पुढे आले की आपण दोन प्रश्न विचारायला हवेत: भार कोण उचलणार आणि खरे कोण सांगणार?