चालत्या बिऱ्हाडाची कमाई



परदेशात काही कुटुंबे शिडाच्या होडीतच संसार थाटतात. होडी बंदराला लागली की कुणाची शिडे शिवून दे, कुणाची होडी रंगवून दे, असे पडेल ते काम करून ती पुढच्या प्रवासाचा शिधा भरतात. आपल्या बेल्ह्याला समुद्र नाही. पण असा चालता संसार तुम्ही दरवर्षी पाहता. तो म्हणजे धनगरांचा वाडा.

पारनेर, संगमनेर आणि आपल्या जुन्नरच्या पूर्व पट्ट्यातले मेंढपाळ दिवाळीनंतर बाहेर पडतात. काही वाडे माळशेज घाटाने कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडी परततात. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे दख्खनी मेंढरे. बाजारात कोकरू विकले की चार पैसे येतात. पण रोजच्या मीठ-मिरचीला आधार असतो तो शेतात मेंढ्या बसवण्याचा. पूर्वी त्याबद्दल धान्य मिळे, आता बहुधा रोख रक्कम ठरते.

कुणी म्हणतात, "मेंढरं आमच्याच रानात चरली, वर पैसे कशाला?" हिशेब करून पाहा. साध्या शेणखतात नत्र शेकडा सुमारे अर्धा टक्का, तर मेंढीच्या खतात सुमारे ३ टक्के असते. उकिरड्यावर वाया जाणारे मूत्र इथे थेट जमिनीत मुरते. गाडीभाडे नाही, खत पसरण्याची मजुरी नाही. मात्र मेंढ्या उठल्यावर लेंडी उन्हात वाळू देऊ नका. लगेच कुळवाची उथळ पाळी द्या, म्हणजे नत्र उडून जाणार नाही.

बोली आधीच करा : मेंढ्या किती, रात्री किती, रान कोणते, पैसे की धान्य. पाण्याची जागा दाखवा. जवळच्या पिकावर औषध फवारले असेल तर तेही सांगा.

आणखी एक गोष्ट. आपल्या तालुक्यात बिबट्या उसात दबा धरून बसतो. वाघरीत मेंढ्या कोंडल्या तरी तो अडत नाही, आणि उघड्यावर निजलेल्या पोरांनाही धोका असतो. म्हणून वाडा उसाच्या कडेला उतरवू नका. मोकळे रान द्या, जमल्यास वस्तीवरून दिवा ओढून द्या.

वाडा हलेल त्या सकाळी ठरलेले पैसे हातावर ठेवा. 'पुढच्या खेपेला देतो' म्हणू नका. पुढच्या मुक्कामाचा बाजार त्यावरच व्हायचा असतो.