खारं पाणी, लंगोट आणि पॅडचा पुडा

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खाऱ्या पाण्याचे गुण सांगावे लागत नाहीत. त्याच पाण्याचा एक प्रयोग मी घरी करून पाहिला. मोठ्यांच्या डायपरमधली भुकटी काढून दोन पेल्यांत सारखी घातली. एकात आरओचं पाणी ओतलं, दुसऱ्यात बोअरचं. पहिल्या पेल्यात भुकटी फुगून काठोकाठ जेली झाली. दुसऱ्यात ती तळाशीच राहिली, वर पाणी तसंच.

ही भुकटी म्हणजे सोडियम पॉलिअॅक्रिलेट. एकमेकींना जोडलेल्या लांबलचक साखळ्या आणि त्यांना चिकटलेला सोडियम. पाणी लागलं की सोडियम सुटा होतो, साखळ्यांवरचे ऋणभार एकमेकांना दूर ढकलतात, जाळं पसरतं आणि पाणी आत ओढलं जातं. बाहेरच्या पाण्यात आधीच क्षार असतील, तर ही ओढ मंदावते. शुद्ध पाणी ही भुकटी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पिते. लघवीसारखं खारट द्रव मात्र साधारण तीस ते पन्नास पट. म्हणून साध्या पाण्याचा तांब्या ओतून डायपरची परीक्षा घेऊ नये. पुड्यावरचा शोषणाचा आकडाही प्रयोगशाळेतला असतो. बसल्यावर, कूस बदलल्यावर दाब पडतो, आणि त्या आकड्याच्या बऱ्याच आधी पॅड गळू लागतो.

हे सगळं मी वाचायला लागलो ते आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या मोठेबाबांमुळे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला, गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता असा गुळगुळीत झाला आणि मोठेबाबांनी एसटीत बसणं सोडलं. लग्नाची पत्रिका आली की म्हणायचे, "तुमीच जा, मले नाई जमत आता." कारण सांगायचे नाहीत. कारण होतं लघवीची गळती. पुढे मे महिन्यात पाणी पिणंही कमी केलं. पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात हे जिवावर बेतू शकतं. शिवाय घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चेतवते आणि घाई वाढतेच.

पॅड घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावंच, कारण पुरुषाच्या गळतीमागे अनेकदा प्रोस्टेट असतं. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्रनलिकेभोवती असते आणि वयाबरोबर वाढते. वाट अरुंद झाली की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, भरून वरचेवर थेंब सांडत राहतात. घरच्यांना वाटतं लघवी फार होतेय. खरं तर ती तुंबलेली असते. असा माणूस पॅड लावून बसला तर मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवीत रक्त, आग, किंवा ओटीपोट फुगून लघवी बंद, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नये. अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय गाठावं.

मग मोजमाप. कोरडा पॅड स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, वापरलेला पिशवीत घालून पुन्हा तोलावा. फरकाचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. दिवस आणि रात्र वेगळी लिहावी. मोठेबाबांची दिवसाची गळती इतकी थोडी निघाली की आम्ही आणलेला जाडजूड डायपर त्यांना विनाकारण उकडवत होता. त्यात दुकानात आम्ही "जास्त शोषेल" म्हणून एक्स्ट्रा लार्ज मागितला होता. ते माप कंबरेचं असतं, शोषणाचं नव्हे! सैल डायपर मांडीपाशी गळतो.

थेंब-थेंब गळतीला पुरुषांसाठीचा, पुढे रुंद असलेला पॅड पुरतो. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत असे पानाच्या आकाराचे पॅड पिशवीसारख्या पॅडपेक्षा सरस ठरले. बायकांचा सॅनिटरी पॅड इथे चालत नाही. तो पाळीच्या संथ स्रावासाठी केलेला असतो, लघवीच्या अचानक धारेसाठी नाही.

आपल्याकडे खरी अडचण कपड्यांची. पॅडच्या मागची चिकटपट्टी घट्ट चड्डीला धरते. धोतराखाली किंवा सैल पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत पॅड सरकतो. ही गोष्ट पुड्यावर कुठेच लिहिलेली नसते. मोठेबाबांनीच तोडगा काढला: लंगोट! तरुणपणी आखाड्यात बांधायचे तसा. कंबरेला पट्टा, खालून पुढे येणारी पट्टी. कमरपट्ट्याचे डायपरही याच घाटाचे असतात आणि उभ्याने बदलता येतात. पँटसारखा डायपर बदलायला पायजमा पूर्ण उतरवावा लागतो, आणि एसटी स्टँडच्या ओल्या फरशीवर ते म्हाताऱ्या माणसाला अवघड जातं.

रात्रीसाठी कंडोम कॅथेटर (लिंगावर चढवायचं, नळीने पिशवीला जोडलेलं आवरण) हाही पर्याय आहे, पण माप नर्सकडून घ्यावं आणि कॅथेटर रोज बदलावा. निसटतो म्हणून दोरा किंवा साधी चिकटपट्टी कधीही करकचून बांधू नये. रक्तपुरवठा तुटून अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते.

त्वचेकडे लक्ष हवं. लघवीतल्या युरियाचं जंतू अमोनिया करतात, त्याने कातडी सोलते, आणि उन्हाळ्यात घामोळ्या त्यात भर घालतात. कोमट पाण्याने धुऊन कोरडं करावं, मलम पातळ लावावं. जाड थर पॅडची छिद्रं बुजवतो. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळा द्यावा, संडासात टाकू नये.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात. मोठेबाबा या वर्षी एसटीने गेले. पिशवीत दोन पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि पाण्याची बाटली होती. संध्याकाळी परतले तेव्हा बाटली रिकामी होती.