घरखरेदी, शहरालगतच्या वस्तीतील

नगराच्या मध्यवर्ती भागातील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यामुळे अल्प व मध्यम उत्पन्नाची कुटुंबे नगराच्या कडेला, तुलनेने स्वस्त वस्तीत भूखंड, बैठे घर किंवा सदनिका विकत घेतात. या व्यवहाराचा विचार येथे केला आहे. अशा कुटुंबाच्या दृष्टीने घर ही आयुष्यातील सर्वांत मोठी व बहुधा एकमेव मोठी खरेदी असते. तीत मागील पंधरा-वीस वर्षांची बचत, घरातील दागिने, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि पुढील वीस वर्षांच्या वेतनाचा मोठा हिस्सा गुंततो. व्यवहार फसल्यास तो दुसऱ्यांदा करण्याची ऐपत उरत नाही. स्वस्त घराची किंमत कमी असण्याचे कारण क्वचितच विक्रेत्याची उदारता असते. निर्वेध मालकी, बिगरशेती परवानगी, मंजूर रेखांकन, रस्ता, पाणी, मलनिःसारण यांपैकी काहीतरी त्या किमतीत धरलेले नसते व ते पुढे ग्राहकास स्वतंत्रपणे, बहुधा अधिक खर्चाने, मिळवावे लागते. या प्रश्नाचे सर्व पैलू छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) पूर्वेकडील करमाड परिसरात एकत्र पाहावयास मिळतात.

करमाड परिसर : करमाड हे गाव छत्रपती संभाजीनगरपासून सु. २० किमी. अंतरावर जालना रस्त्यावर असून मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील ते एक स्थानक आहे. मूळचे हे कोरडवाहू शेतीच्या मुलखातील बाजाराचे गाव. शहर व करमाड यांच्या दरम्यान शेंद्रा औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि पुढे दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील शेंद्रा–बिडकीन प्रकल्पासाठी (ऑरिक) करमाड, लाडगाव इ. गावांच्या जमिनी संपादित झाल्या. या संपादनात शेतकऱ्यांना एकरी २३ लाख रु. दराने मोबदला मिळाला. हा आकडा परिसरात सर्वतोमुखी झाला व न संपादिलेल्या शेजारच्या जमिनीचे मोल त्याच मापाने मोजले जाऊ लागले. ऑरिकच्या प्रशासकीय इमारतीचे उद्‌घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झाले; समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. कारखाना, महामार्ग व लोहमार्ग यांच्या सान्निध्यामुळे येथील शेते भूखंडांच्या रूपाने विकली जाऊ लागली. शहरातील भाड्याच्या घरात राहणारा कारखान्यातील कामगार, गावाकडची जमीन विकून आलेला शेतकरी आणि केवळ भाववाढीच्या आशेने पैसा गुंतविणारा नोकरदार, असे तीन प्रकारचे ग्राहक येथे आढळतात. यांपैकी तिसऱ्याला थांबणे परवडते. पहिल्या दोघांना परवडत नाही.

पूर्वपीठिका : या शहराला कमी किमतीच्या घरांचे दोन अगदी भिन्न अनुभव आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने त्याच दशकात ‘नवे औरंगाबाद’ हा प्रकल्प हाती घेतला. ‘एन–१’ पासून ‘एन–१३’ पर्यंतच्या विभागांत रस्ते, जलवाहिन्या, शाळा व बाजार यांच्या जागा आधी आखून आर्थिक दृष्ट्या दुर्बल, अल्प, मध्यम व उच्च उत्पन्न गटांसाठी घरे बांधण्यात आली. हुडको या केंद्रीय वित्तसंस्थेच्या साहाय्याने झालेल्या भागाला लोक ‘हडको’ म्हणू लागले आणि ‘सिडको’ व ‘हडको’ ही संस्थांची नावे मोहल्ल्यांची नावे होऊन बसली. ही घरे लहान होती, परंतु रहिवाशांनी सवडीने खोल्या वाढविल्या, मजले चढविले. जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरणास महामंडळाची संमती लागे, ही एक अडचण होती. मालकीविषयी मात्र संशय नव्हता. २००६ मध्ये सिडकोचा हा भाग महानगरपालिकेकडे सोपविण्यात आला.

दुसरा अनुभव गुंठेवारीचा. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौ. फुट. शेतमालकाने किंवा त्याच्याकडून मुखत्यारपत्र घेतलेल्या दलालाने शेतात चुन्याच्या रेघा ओढावयाच्या आणि २० × ३० फुटांचे तुकडे बाँडपेपरवर, हप्त्याहप्त्याने विकावयाचे, अशी ही रीत होती. शहरात अशा शंभरावर वसाहती वाढल्या. सिडकोचे घर अर्ज, सोडत व उत्पन्नाचा दाखला यांवाचून मिळत नसे. गुंठेवारीतील भूखंड संध्याकाळी पाहून सकाळी विसार देता येई. ज्याचे वेतन रोजंदारीचे व कागद अपुरे, त्याला दुसरा मार्गही नव्हता, हे या वसाहतींना केवळ ‘अनधिकृत’ म्हणून मोकळे होणारे सहसा ध्यानात घेत नाहीत. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा भूखंडांना नियमित करण्यासाठी राज्यात २००१ चा गुंठेवारी अधिनियम झाला; २०२१ मधील सुधारणेने ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. नियमितीकरणासाठी प्रशमन शुल्क व विकास आकार भरावा लागतो. म्हणजे भूखंड घेताना जे वाचले, ते दुसऱ्यांदा मोजावे लागते, आणि मधल्या काळात रस्ता, नळ व गटार यांची वाट पाहावी लागते ती वेगळीच.

वाळूजकडेही हीच दोन रूपे शेजारीशेजारी दिसतात. तेथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर आखीव भूखंडांचे बजाजनगर वसले आणि जवळच्या रांजणगाव (शेणपुंजी) या खेड्यात कामगारांच्या खोल्यांची दाटी झाली. करमाडला यांपैकी कोणते रूप येते, हे पुष्कळसे ग्राहक कोणता कागद मागतात यावर ठरणार आहे.

जमिनीची मालकी व कागदपत्रे : कडेच्या वस्तीतील खरेदीत घराच्या भिंतींपेक्षा जमिनीचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. सातबारा उतारा (गाव नमुना सात व बारा) हा जमिनीच्या ताब्याचा व महसुलाचा अभिलेख असून त्यावरील ‘भोगवटादार वर्ग–१’ ही नोंद जमीन सामान्यतः निर्बंधमुक्त असल्याचे दर्शविते. ‘वर्ग–२’ असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरण होऊ शकत नाही. मराठवाड्यात ही चौकशी अधिक मागे न्यावी लागते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने येथील जमिनींवर इनामे, मदतमाश, देवस्थानांचे हक्क व कुळांचे हक्क यांचे थर आहेत. १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट अधिनियम व १९५४ चा इनामे नष्ट करणारा अधिनियम यांचे परिणाम आजच्या उताऱ्यातील ‘इतर हक्क’ या रकान्यात एखाद्या ओळीच्या रूपाने उरलेले असतात. त्यामुळे जाणकार वकील १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापासून पुढचे सर्व फेरफार क्रमाने तपासतात. वारसांपैकी बहिणींची संमती नसणे हे दाव्यांचे नेहमीचे कारण होय. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणेने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला असून, विक्रेत्या भावांनी तो विचारात न घेतल्यास त्याची झळ ग्राहकाला पोहोचते.

शेतजमीन तशीच घरासाठी विकता येत नाही. कूळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस ती खरेदी करण्यास बंदी आहे, आणि धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९४७ च्या अधिनियमाने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले. २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक भागासाठी हे क्षेत्र जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे असे ठरविण्यात आले. २०२५ मध्ये नागरी क्षेत्रांतील व त्यांलगतच्या जमिनींपुरते हे निर्बंध सैल करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले. तुकडाबंदीतून पळवाट म्हणून आठ-दहा अनोळखी ग्राहकांच्या नावे एकच मोठा तुकडा खरेदी करून सामाईक सातबारा करण्याचा प्रघात पडला. यात प्रत्येकाचे नाव उताऱ्यावर लागते, म्हणून ग्राहक निश्चिंत होतो. पण त्याच्या मालकीचा असतो तो अविभक्त हिस्सा, कुंपण घातलेला विशिष्ट भूखंड नव्हे. पुढे एकाने विक्री वा तारण करावयाचे ठरविले, की इतरांशी तंटा सुरू होतो.

यास्तव पाहावयाची गोष्ट म्हणजे बिगरशेती (अकृषिक) परवानगी व सक्षम प्राधिकरणाने मंजूर केलेले अंतिम रेखांकन. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील (१९६६) नंतरच्या सुधारणांनी काही ठिकाणी ही प्रक्रिया सुकर केली; उदा., गावठाणाच्या सीमेपासून २०० मी.पर्यंतची जमीन रहिवासी वापरासाठी रूपांतरित मानण्याची तरतूद कलम ४२–ड द्वारे करण्यात आली. तथापि तीतही रूपांतरण कर व अकृषिक आकारणी यांची अट घातलेली होती, आणि भूखंड पाडण्यासाठी रेखांकनाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. ‘एन. ए. होणार आहे’ आणि ‘एन. ए. आहे’ या दोन वाक्यांतील अंतर कधीकधी पिढीभराचे असते. करमाड–शेंद्रा परिसरात ग्रामपंचायत, महसूल खाते, औद्योगिक विकास महामंडळ व महानगर प्रदेश विकास प्राधिकरण अशा अनेक संस्थांचे अधिकार जवळजवळ येतात. तेव्हा संबंधित गट क्रमांक रहिवासी विभागात आहे की हरित विभागात आणि त्यावरून रस्त्याचे वा अन्य आरक्षण जाते की काय, हे नगररचना कार्यालयाच्या विभाग दाखल्यावरून व भाग नकाशावरून पडताळावे लागते.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा उतारा विक्रेते अनेकदा मालकीचा पुरावा म्हणून पुढे करतात. वस्तुतः ती घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही होय. कर भरल्याने मालकी सिद्ध होत नाही. बाँडपेपरवरील करार, ताबापावती व मुखत्यारपत्र यांचीही तीच गत आहे. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम व १९०८ चा नोंदणी अधिनियम यांनुसार शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच पूर्ण होते. मुखत्यारपत्राद्वारे केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

सदनिका : सदनिकेच्या खरेदीत ग्राहकाला कायद्याचे संरक्षण अधिक आहे. महाराष्ट्रात १९६३ च्या मालकी सदनिका अधिनियमाने बांधकाम व्यावसायिकांवर प्रथम बंधने घातली. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा अधिनियमाने (‘रेरा’) त्यांस धार आली. किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारावाचून घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. क्षेत्रफळ चटई क्षेत्रातच सांगावे लागते आणि ताब्यानंतर पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. ५०० चौ. मी.पर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. कडेच्या वस्त्यांतील पुष्कळ लहान इमारती नेमक्या या मर्यादेत बसतात व ज्यांना संरक्षण अधिक हवे तेच त्यातून निसटतात. मोठ्या क्षेत्रावरील विक्रीयोग्य भूखंडांच्या रेखांकनालाही ही नोंदणी लागू आहे, ही गोष्ट भूखंडाच्या ग्राहकांना फारशी ठाऊक नसते.

अर्थव्यवस्था : घराच्या जाहिरातीतील किंमत ही अखेरची किंमत नसते. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, वकिलाचे शुल्क, वीजजोडणी, कूपनलिका व कुंपण यांचा खर्च तीत मिळवावा लागतो. मुद्रांक शुल्क करारातील किंमत व शासनाच्या वार्षिक दर तक्त्यातील (रेडी रेकनर) मूल्य यांपैकी जे अधिक त्यावर आकारले जाते. खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असल्यास निवासी घरासाठी त्यात १ टक्का सवलत आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर वस्तू व सेवा कर लागतो. ४५ लाख रुपयांपर्यंतच्या व महानगरांबाहेर ९० चौ. मी.पर्यंत चटई क्षेत्राच्या घरांसाठी १ एप्रिल २०१९ पासून त्याचा दर १ टक्का ठेवण्यात आला.

३० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जात बँका रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मूल्याच्या कमाल ९० टक्के रक्कम देऊ शकतात. १५ लाख रु. कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सु. १३,५०० रु. येतो आणि एकूण परतफेड ३२ लाख रुपयांवर जाते. म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक होते. मासिक ३० हजार रु. मिळविणाऱ्याच्या वेतनाचा जवळजवळ निम्मा भाग यात जातो. त्यात अंतराचा खर्च मिळवावा लागतो. करमाडहून शहरात रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्याचा प्रवास महिन्याला सु. १,००० किमी. होतो व त्यास वीस लिटरच्या आसपास पेट्रोल लागते. शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यास हे गणित लागू पडत नाही. करमाडचे घर त्याच्या दृष्टीने खरोखरच स्वस्त ठरते. घराची स्वस्ताई अशी नोकरीच्या ठिकाणाशी बांधलेली असते, आणि कंत्राटी कामगाराच्या बाबतीत नोकरीचे ठिकाणच पुढे टिकेल याची शाश्वती नसते.

बँकेचे कर्ज हे आणखी एका दृष्टीने उपयुक्त आहे. कर्जापूर्वी बँक साधारणतः तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल मागविते. ज्या भूखंडावर राष्ट्रीयीकृत बँक कर्ज नाकारते, त्यावर अधिक व्याजाने खाजगी वित्तपुरवठा उपलब्ध करून देणारा मध्यस्थ बहुधा जवळच उभा असतो. तेथे नकाराचे कारण विचारणे हप्त्याची चौकशी करण्यापेक्षा अधिक हिताचे ठरते.

जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या नागरी विभागात दुर्बल व अल्प उत्पन्न गटांना गृहकर्जाच्या व्याजात अनुदान मिळे. ही तरतूद मार्च २०२२ मध्ये संपली. २०२४ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात वार्षिक ९ लाख रुपयांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबास ३५ लाख रुपयांपर्यंतच्या घरासाठी व २५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रु. अनुदान हप्त्यांनी देण्याची तरतूद आहे. अर्जदाराच्या कुटुंबाचे देशात कोठेही पक्के घर नसावे, ही अट आहे. योजना नगरे व अधिसूचित नियोजन क्षेत्रे यांपुरती असल्याने खेड्याच्या हद्दीतील घर त्यात बसते किंवा नाही, हे आधी विचारावे लागते.

पाणी : मराठवाड्यात घराचे मोल अखेर पाण्यावर ठरते. खुद्द छत्रपती संभाजीनगर पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी उचलते व तेथील अनेक भागांत कित्येक वर्षे नळाला दिवसांच्या अंतराने पाणी येत आले. शहराबाहेरील नव्या वसाहतींना प्रारंभी कूपनलिका व टँकर यांवरच भिस्त ठेवावी लागते. बेसाल्ट खडकाच्या या प्रदेशात भूजल भेगांतून व झिजलेल्या थरांतून साठते. शेजारच्या भूखंडात भरपूर पाणी लागले म्हणून आपल्यातही लागेलच असे नसते, आणि शंभर घरांनी एकाच थरात कूपनलिका घेतल्यास पहिल्या घराचेही पाणी उतरते. म्हणून वसाहतीची पाहणी पावसाळ्यानंतर न करता एप्रिल-मे महिन्यांत करावी, असा जुन्या रहिवाशांचा सल्ला असतो. विक्रेते दसरा-दिवाळीच्या सुमारास नोंदणीचा उत्सव मांडतात, तेव्हा विहिरी भरलेल्या असतात.

खरेदीनंतरची कार्यवाही : खरेदीखत नोंदल्यावर तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना सूचना दिली जाते आणि १५ दिवसांच्या मुदतीत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच नवा उतारा मिळतो. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या करनोंदवहीत नाव लावणे ही त्याहून स्वतंत्र कार्यवाही होय. सदनिकांच्या बाबतीत सहकारी संस्था स्थापून जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे करून घ्यावे लागते. व्यावसायिकाने टाळाटाळ केल्यास मानीव अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तोपर्यंत इमारतीखालील जमीन अभिलेखात मूळ मालकाच्याच नावे राहते.